फुलदाणीवरचं सोनं चिंचेनं उजळावं का?

प्रश्न : आजोळच्या घरातून वीतभर उंचीची फुलदाणी मिळाली. पिवळसर पांढरी, अंगभर बारीक भेगांची जाळी, शेवंतीची फुलं, सोनेरी रेघा. तळाशी वर्तुळात अधिकचं चिन्ह. जपानी आणि जुनी असेल का? सोनं काळवंडलंय, चिंच लावू का?
— एक वाचक, कंग्राळी खुर्द

उत्तर : चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका, हे आधी सांगतो. अशी फुलदाणी पुन्हा पुन्हा भट्टीत जाते. आधी माती भाजतात, मग झिलई, तिच्यावर रंग आणि सगळ्यांत शेवटी, मंद आचेवर, सोनं. म्हणजे सोनं झिलईच्या वर नुसतं बसलेलं असतं. घासलं की निघालंच. शिवाय खरं सोनं काळं पडत नाही. तो बहुधा धुराचा आणि हातांच्या तेलाचा थर असावा. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटका, तेवढं पुरे.

वर्णन जपानच्या सात्सुमा पद्धतीचं वाटतं. ते चिन्ह सात्सुमाच्या शिमाझू सरदार घराण्याचं. पण १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर परदेशातून मागणी वाढली, क्योतो, ओसाका, योकोहामा इथंही हा माल बनू लागला आणि तेच चिन्ह सर्रास उमटलं. त्यामुळे एवढ्यावरून वय ठरवू नका. ‘निप्पॉन’ अशी रोमन अक्षरं नाहीत म्हणूनही हिरमुसू नका. ती १८९१ पासून अमेरिकेला जाणाऱ्या मालावर तिथल्या कायद्यामुळे आली. १९२१ नंतर त्यांच्या जागी ‘जपान’ आलं. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता.

माझा भरवसा भिंगावर जास्त. एकच पाकळी निवडा. हातानं काढलेली रेघ सुरुवातीला जाड, सुटताना बारीक होते. शेजारची पाकळी हुबेहूब तशी नसते आणि रंग बोटाला किंचित उंच लागतो. सारखे ठिपके दिसले तर नक्षी छापील आहे.

पाणी घालून फुलं मात्र ठेवू नका. खानापूरच्या माठासारखी आतली माती पाणी शोषते आणि झिलईच्या जाळीत डाग उतरतात.

मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातल्या जपानी वस्तू पाहा. आपल्या फुलदाणीचे तळाचे आणि पाकळीचे जवळून काढलेले फोटो सोबत न्या.