लहान देह, अल्प संतती

प्रश्न : उसातील खोडकिड्यासाठी लावलेल्या ट्रायकोकार्डातून निघणाऱ्या माश्या लहानमोठ्या दिसतात, त्याने फरक पडतो काय?
– एक ऊसउत्पादक, नागापूर

उत्तर : पडतो, आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीतील हा भेद आपण हेरलात, याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते. पतंगाच्या ज्या अंड्यात ती वाढते त्यातील अन्नसाठा हीच तिची सारी मिळकत असल्यामुळे, एकाच अंड्यात अनेक वाटेकरी झाले की प्रत्येकाचा देह खुजा राहतो, आणि अशा मादीजवळ अंडी थोडी व आयुष्यही बहुधा अल्प असते. खुजेपणाने नराचे तितके नुकसान होत नाही. म्हणूनच फलित अंड्यातून कन्या व अफलित अंड्यातून पुत्र उपजविण्याचा अखत्यार लाभलेली माता मोठ्या अंड्यात बहुधा कन्याच ठेवते. आपल्या कार्डावर ही माशी ज्यांत वाढते ती तांदळाच्या पतंगाची अंडी मुळातच चिमुकली असतात. म्हणून ती ताजी व भरदार असावीत, एवढी खातरजमा खरेदीपूर्वी अवश्य करावी.