दुखणं सोंगणीचं, नाव टेनिसचं

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वाशिमकडच्या मेडशी-मालेगाव भागातून एक तक्रार हमखास येते. "डॉक्टरसाहेब, विळा धरवत नाही. चहाचा कप उचलला तरी कोपरातून कळ निघते."

हाच टेनिस एल्बो. २००४मध्ये तो सचिन तेंडुलकरला झाला, २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि हे नाव गावोगाव पोचलं. आपल्याकडे कारणं वेगळी: विळ्याची मूठ, फवारणीच्या पंपाचा दांडा, धुण्याचे पिळे. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची दोरी कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते, तिथले तंतू झिजतात.

"मग मालीश करू का?" तेल लावून अख्खा हात चोळण्याने यात फारसं साधत नाही. डॉ. सिरियाक्स यांच्या पद्धतीत बोटाचं टोक नेमकं दुखऱ्या जागी टेकवून, तेलाविना, दोरीला आडवं दहा मिनिटं घासतात. आधी डोळ्यांत पाणी येतं, मग ती जागा बधिर होते. त्यावर मिल्सचा झटका: मनगट दुमडून कोपर एकदम सरळ करायचं. कोपर मुळातच पूर्ण सरळ होत नसेल तर हा झटका घेऊ नका. हाड बसवणाऱ्याकडून तर नकोच. इथे हाड सरकलेलं नसतं.

मला न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मुलिगन यांची पद्धत जास्त पटते. थेरपिस्ट एका हाताने दंड स्थिर धरतो, दुसऱ्याने कोपराखालचा भाग बाहेरच्या बाजूला किंचित सरकवतो आणि तुम्ही मूठ आवळता. हात बरोबर लागला असेल तर तीच मूठ त्याच क्षणी न दुखता आवळली जाते. दुखली, तर दिशा बदलायची. शिवाय शिकून घेतलं की पट्टा लावून घरी करता येतं. आठवड्यातून तीनदा वाशिम-अकोल्याच्या चकरा कोण मारणार?

व्यायाम मात्र सोडू नका. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताने ती वर न्यायची आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या.

"त्यापेक्षा सुई मारा ना." ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २००६मध्ये १९८ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सहा आठवड्यांपर्यंत स्टेरॉइडची सुई सगळ्यांत पुढे होती. पण तिने बरे झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं पुन्हा उलटलं. मुलिगनसारखा उपचार आणि व्यायाम केलेले टिकले. वर्षाअखेर उपचाराविना नुसते थांबलेलेही जवळपास तेवढेच बरे झाले, हेही खरं. पण हरभऱ्याची पेरणी वर्षभर थांबत नाही.

बोटांना मुंग्या, मान दुखणं, सूज-ताप किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल, तर आधी तपासून घ्या. आणि विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा; मूठ जाड झाली की इतकं आवळून धरावं लागत नाही.