ओट्यावरचं सूप

॥ श्री ॥
नाशिक

चि. भाचीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र 'तू असं कर, तू तसं करू नकोस' अशा थाटाचं होतं आणि भाचीने ते दुसऱ्या पानावरच मिटवून ठेवलं, हे मावशीला कळलं आहे. तेव्हा या खेपेला मावशी मासिकात लेख लिहावा तसं लिहिणार आहे. लेखात एक मावशी असेल, एक भाची असेल, आणि रागावणं झालंच तर ते त्या लेखातल्या भाचीला.

तर बातमी अशी. खालच्या काकूंची धाकटी सून नेपरव्हिलला असते. ती गेल्या महिन्यात शिकागोला भाचीच्या खोलीवर जाऊन आली. पोरगी जरा वाळली आहे, खोली टापटीप आहे, खिडकीबाहेर बर्फाचे ढीग आहेत, इथवर ठीक. पुढे सून म्हणाली, बटाट्याचं सूप अगदी छान होतं, आदल्या रात्रीचं असूनही. स्लो कुकर बंद करून रात्रभर ओट्यावरच ठेवला होता, सकाळी तसाच पुन्हा चालू केला. काकूंनी हे जिन्यात सांगितलं, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत, काही विशेष नाही अशा सुरात. मावशीच्या पोटात तेव्हापासून गोळा आहे.

ताईची, म्हणजे भाचीच्या आईची, भीती वेगळीच. तिच्या भिशीत कुणीतरी सांगितलं की या कुकरमुळे अमेरिकेत घरं जळतात. मावशीने खणून काढलं, तेव्हा कळलं की मूळ एका मालिकेत आहे. 'धिस इज अस'च्या जानेवारी 2018 मधल्या भागात जुन्या स्लो कुकरचं बटण बिघडून घर पेटतं आणि पुढे त्यातच घरचा बाप जातो. प्रेक्षक इतके हळहळले की काहींनी आपले कुकर टाकून देण्याची भाषा केली आणि 'क्रॉक-पॉट' नावाने असे कुकर विकणाऱ्यांना खुलासे करत बसावं लागलं. साधारण दोन-अडीचशे वॅटचं भांडं ते. इस्त्री त्याच्या चौपट वीज खाते. ताईला हे सांगितल्यावर ती निवळली. ओट्यावरच्या सुपाचं मात्र तिला सांगितलेलं नाही. तिचं ब्लडप्रेशर भाचीला माहीत आहे.

आता भाची म्हणेल, मावशीला नवं काही रुचतच नाही. नवं कसलं त्यात! हे भांडं शिकागोच्याच पाण्याचं आहे. आयर्विंग नॅक्सन हा तिथला ज्यू इंजिनिअर. त्याच्या आईचं घराणं लिथुआनियातल्या विल्नियसचं. तिथे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत कडधान्यं, बटाटे, मांस घातलेलं 'चोलंट'चं मडकं गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे, कारण सब्बाथ लागला की चूल पेटवायची नाही. रात्रभर ते विझत्या भट्टीच्या उबेवर शिजायचं. ही गोष्ट ऐकून नॅक्सनने विजेचं भांडं बनवलं आणि 1940 साली त्याचं पेटंट मिळवलं. नाव ठेवलं 'नॅक्सन बीनरी'. 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, भांड्याला नवं रूप दिलं, आणि पुढच्याच वर्षी 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडेही नानांच्या बिऱ्हाडात इक्मिक कुकर होताच की. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 च्या सुमारास काढलेला, खाली कोळसे आणि वर डबे. नाना कचेरीतून येईपर्यंत आतला भात शिजून वाट बघत असायचा.

म्हणजे सावकाश शिजवण्यात खोट नाही. पण विल्नियसच्या त्या बायका मडकं भट्टीतून काढायच्या ते थेट पानांवर वाढायला. नाना डबा उघडायचे ते जेवायलाच. शिजणं आणि जेवणं यांच्यामध्ये थंडगार होत पडलेली अख्खी रात्र कुणीच ठेवली नव्हती. मावशीचं भांडण त्या रात्रीशी आहे.

सुपाबद्दल आधी बोलू, म्हणजे भाची वाचत राहील. भाचीने फोटो पाठवला होता, वर तक्रार होती की दूध फाटतं. फाटणारच. बटाट्याबरोबर सकाळीच दूध ओतलं तर ते सात तास उकळीच्या जवळपास राहतं, त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि चोथा-पाणी वेगळं होतं. कमी चरबीचं दूध सगळ्यात आधी दगा देतं. घट्ट क्रीम पुष्कळ टिकतं, डब्यातलं आटवलेलं दूधही. तेव्हा किलोभर बटाटे, कांदा, लसूण, लोणी आणि लिटरभर भाज्यांचं पाणी एवढंच आधी घालावं, 'लो'वर सहा ते आठ तास किंवा 'हाय'वर तीन-चार तास ठेवावं, आणि क्रीम किंवा चीज शेवटच्या अर्ध्या तासात. बटाट्याच्या फोडी सारख्या आकाराच्या आणि तळाला हव्यात. आच तळातून आणि कडांतून येते आणि कंदमुळं मांसापेक्षाही हट्टी असतात. झाकण उचलून डोकावायचं नाही. दर वेळी पंधरा-वीस मिनिटांची कमाई वाफेबरोबर जाते. (भाचीचा हा स्वभाव लहानपणापासूनचा. मोदकपात्राचं झाकण कोण उचलायचं ते सगळ्या घराला माहीत आहे.)

बटाटा कुठला? रसेट पिठूळ, तो विरघळून सुपाला दाटपणा देतो. लाल सालीचा चिकट, त्याच्या फोडी तशाच राहतात. मधला मार्ग युकॉन गोल्डचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात तयार झालेलं हे वाण 1980 मध्ये बाजारात आलं. आतून पिवळं, शिजल्यावर लोण्यासारखं मऊ. हिरवट बटाटा असेल तर सरळ फेकावा, त्यातलं विष उकळून जात नाही. आणि मिक्सर लावायचा नाही. पात्यांनी बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि सुपाची खळ होते. पावभाजीच्या मॅशरने अर्ध्या फोडी मोडाव्या, अर्ध्या राहू द्याव्या.

झालं सूप. जेवण झालं. कुकर बंद केला. मग?

मग ते बाहेर का राहिलं, हाच प्रश्न मावशीला रात्री जागवतो. त्या कुकरचं आतलं भांडं जाड चिनीमातीचं. उष्णता धरून ठेवणं हा त्याचा गुण, आणि बटण बंद केल्यावर तोच त्याचा दोष. दाट सूप त्यात तासन्‌तास कोमट राहतं. अमेरिकेचं कृषी खातं 4 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानतं, कारण त्यात जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे असं ते सांगतं. भाचीचं सूप त्या पट्ट्यात रात्रभर बसून होतं. बाहेर उणे पंधरा असेल, पण घरात हीटरची एकवीस-बावीस अंशांची ऊब असते. ती भाचीला मानवते आणि जिवाणूंनाही.

'सकाळी उकळलं की झालं' हे मावशीच्या आईचंही मत होतं. रात्रीची आमटी सकाळी उकळून घेतच होतो आपण. पण कोपरगावच्या लग्नातली बासुंदीही उकळलेलीच होती. त्या रात्री अर्धं वऱ्हाड कुठे होतं ते भाचीच्या आईला विचारावं, ती अजून बासुंदीला हात लावत नाही. बटाटा, भात अशा पिठूळ अन्नात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळीतून जिवंत सुटतात, कोमट अन्नात पुन्हा फुटतात, आणि ओकारी आणणारं जे विष ते सोडतात ते पुन्हा उकळूनही नाहीसं होत नाही. आणि भाचीने सकाळी सूप उकळलंही नव्हतं. तोच कुकर पुन्हा चालू केला होता, म्हणजे त्याच पट्ट्यातून पुन्हा एकदा सावकाश वरात काढली. उरलेलं अन्न स्लो कुकरमध्ये गरम करू नये, ते गॅसवर खळखळून उकळावं, हेही त्याच खात्याचं सांगणं आहे.

याहून वाईट तो बोट्युलिझमचा जिवाणू. तो मातीत असतो, आणि बटाटा मातीतला. लुई डिया नावाच्या फ्रेंच आचाऱ्याने न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटनमध्ये, आईच्या हातचं बटाट्याचं सूप आठवून, व्हिशिस्वाझ हे थंड सूप प्रसिद्ध केलं. 1971 च्या उन्हाळ्यात, म्हणजे क्रॉक-पॉट आला त्याच वर्षी, न्यूयॉर्कजवळच्या एका जोडप्याने डब्यातलं व्हिशिस्वाझ खाल्लं. थंडच खायचं असल्यामुळे गरम करायचा प्रश्नच नव्हता. नवरा दगावला, बायको मरणाच्या दारातून परतली. डबे भरताना उष्णता कमी पडली होती. ती बॉन व्हिव्हाँ कंपनी महिन्याभरात दिवाळखोरीत गेली. 1994 मध्ये टेक्सासच्या एल पासोत एका हॉटेलात फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे बाहेर ठेवले आणि नंतर त्यांची चटणीवजा डिप केली. तीस माणसं आजारी पडली. आणि 2011 मध्ये ओहायो आणि जॉर्जियात दोन माणसं हॉस्पिटलात गेली ती चक्क बटाट्याच्या सुपामुळे. दुकानातलं तयार सूप, फ्रीजमध्ये ठेवायचं, त्यांच्याकडे काही आठवडे बाहेर राहिलं होतं.

एका रात्रीत भाचीला बोट्युलिझम होईल असं मावशी म्हणत नाही. गृहविज्ञान शिकवण्यात जन्म गेला, एवढं तारतम्य तिला आहे. एका रात्रीने बहुधा पोट बिघडेल, फार तर दिवस अंथरुणात जाईल. पण एकटीने, परक्या गावात, बर्फात, अंथरुणात. पाणी द्यायला कोण आहे?

आता मावशीच्या वयाला शोभणारी एक भटकंती. पहिल्या नोकरीच्या वेळी मावशी दादरला वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहायची. मेसचं जेवण आठ वाजता बंद, आणि ऑफिसातून यायला साडेआठ. मग चहा आणि खारी. आईचं आंतर्देशीय पत्र दर आठवड्याला यायचं, आणि शेतातल्या पाण्यापासून मामाच्या कोर्टकचेरीपर्यंत सगळं लिहून झाल्यावर शेवटी कडेच्या चिंचोळ्या जागेत आडवं लिहिलेलं असायचं, 'जेवण वेळेवर होते ना?' मावशी उत्तरात पगार, पाऊस, लोकलची गर्दी लिहायची. जेवणाबद्दल दोनच शब्द, 'सर्व ठीक.' आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती उत्तरं सापडली, सुतळीने बांधलेली. त्या दोन शब्दांचा आईने काय अर्थ लावला असेल, याचा विचार मावशीने तेव्हा एकदाही केला नव्हता. खारीचं खरं लिहिलं असतं तर तिने लाडवांचा डबा धाडला असता, एवढंच झालं असतं. तिला ते करायला मिळालं नाही.

म्हणून मावशी पुन्हा तिथेच येते. सूप रात्री बाहेर राहिलं, कारण भाची अकराला लॅबमधून आली असेल, ताटलीभर खाऊन तशीच आडवी झाली असेल. आळस म्हणून नाही. हे काकूंची सून सांगणार नाही, पण मावशीला कळतं. त्यासाठी एक सोपी युक्ती: जेवायला बसण्याआधीच उरणारं सूप दोन-तीन उथळ डब्यांत काढून ठेवावं, दोन बोटं जाडीचा थर. तसं ते भराभर निवतं, आणि भाची ताट धुवेपर्यंत फ्रीजमध्ये जाऊ शकतं. अख्खं भांडं फ्रीजमध्ये ढकलू नये. निवायला वेळ लागतो आणि चिनीमाती तडकते ते वेगळंच. फ्रीजमधलं सूप तीन-चार दिवस चालतं. त्यासाठी अकरा वाजता उभं राहायचं बळ हवं हे खरं, पण ते पाच मिनिटांचं काम आहे.

मासिकातला लेख इथे संपला. आता 'तू'च म्हणते, फार वेळ धरवत नाही.

वीज जाऊन आली आणि तू घरी नव्हतीस, झाकण उघडताना मनात शंका आली, रात्री झोप लागून गेली, यातलं काहीही झालं तर ते सूप सरळ कचऱ्यात घाल. अन्न टाकू नये हे तुला मीच शिकवलं, ते या एका बाबतीत मीच मोडीत काढते. किलोभर बटाट्यांचे पैसे माझ्याकडून घे. आणि फोटो छानच होता. एकटीने, वर्षभरात, डाळ-तांदळाच्या पुढे जाऊन दाट सूप करायला लागलीस, हे मी काकूंना जिन्यातच ऐकवलं.

काकूंची सून सध्या इकडे आहे, ती मार्चमध्ये परत जाईल तेव्हा तिच्याबरोबर गोडा मसाला, मेतकूट आणि घट्ट झाकणाचे चार चपटे डबे देते आहे. तब्येत बिघडली तर वेळ बघू नकोस. तुझी मध्यरात्र म्हणजे माझी सकाळ, आणि माझी मध्यरात्र असली तरी मी फोन उशाशीच घेऊन झोपते. काय खाल्लंस ते लिहीत जा. खारी खाल्लीस तर खारी म्हणून लिही.

तुझी
मावशी

ता. क. वाढताना सुपावर तुपात जिरं तडतडवून घाल, वर थोडी मिरेपूड. तुझ्या लॅबमधल्या मुली आधी हसतील, मग वाटी पुढे करतील. ताईला त्या रात्रीच्या सुपाचं काही बोलू नकोस; मीही बोललेली नाही.