तुम्ही मूळचे कुठले?

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• नागरिकत्व आणि आपलेपणा यांतील फरक सांगू शकाल;
• वस्तीतील व्यक्तींशी संवाद साधून त्याची नोंद करू शकाल.

मूळ पाठ
कामधंद्यासाठी परगावी गेलेल्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कुतूहलच असते. परंतु ज्याच्या तीन पिढ्या त्याच गावात नांदल्या, त्याला त्यातून ‘तुम्ही इथले नव्हेत’ असे ऐकू येते.

तंजावरच्या मराठी भाषकांचे उदाहरण पाहा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. राज्य गेले, माणसे मात्र तेथेच राहिली. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आजही तमिळ शब्द मिसळलेली मराठी बोलली जाते. बाजारात, कचेरीत तमिळ चालते. चोळ राजांनी बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मधील मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते शेजारी-शेजारी नांदत आहेत.

मग ही माणसे तमिळ की मराठी? येथे ‘की’ हे विकल्पबोधक अव्यय दोहोंपैकी एकाची निवड करायला लावते. त्याच्या जागी ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय योजले, की उत्तर सापडते.

भारतात कोठेही राहण्याचा हक्क नागरिकाला राज्यघटनेच्या कलम १९ने दिला आहे. आपली भाषा जतन करण्याचा हक्क कलम २९ने दिला आहे. नागरिकत्व असे कायद्याने मिळते. आपलेपणा मात्र शेजाऱ्याने द्यावा लागतो. भाषा वेगळी म्हणून ज्याला भाड्याने खोली नाकारली जाते, तो कागदोपत्री नागरिक असूनही मनाने परकाच राहतो. ही दरी संवादानेच बुजते. म्हणून ‘मूळचे कुठले?’ याऐवजी ‘येथे कसे रुळलात?’ असे विचारून पाहावे आणि उत्तर शांतपणे ऐकावे.

पाठगत प्रश्न
१. ‘राज्य गेले, माणसे मात्र तेथेच राहिली’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
२. ‘की’ आणि ‘आणि’ यांच्या वापराने अर्थात कोणता फरक पडतो?

उपक्रम
परप्रांतातून आलेल्या एका शेजाऱ्याशी बोला. त्यांच्या घरातील भाषा, सण आणि येथे आलेले अनुभव दहा ओळींत लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.