दारूची ओढ : सामना आणि औषधाची साथ

मद्यपाश हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे, ही भूमिका अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली घेतली. आज ती वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. तरीही रुग्णाचे कुटुंबीय एक प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. दोन-दोन महिने दारूला न शिवलेला माणूस घरी परतताच पुन्हा का पितो? त्याने घेतलेली शपथ खोटी होती का?

बहुतेक वेळा शपथ खरीच असते. आड येते ती शरीराने शिकून ठेवलेली सवय. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी दाखवून दिले की, अन्नापूर्वी ठरावीक संकेत वारंवार मिळाला, तर पुढे नुसत्या संकेतानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मद्यपीच्या बाबतीत पगाराचा दिवस, गुत्त्याकडे वळणारा रस्ता, चकण्याची बशी, हळदीची किंवा गटारीची बैठक हे असेच संकेत ठरतात. ते समोर येताच, विचार करण्याआधीच ओढ जागी होते.

पावलोव्ह यांच्या प्रयोगांतून दुसरी गोष्टही दिसली. संकेत मिळत राहिला, पण अन्न आले नाही, तर लाळ हळूहळू कमी होते. संकेतांचा सामना करण्याची उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. प्रशिक्षित उपचारकाच्या उपस्थितीत रुग्णासमोर त्याच्या नेहमीच्या मद्याची बाटली आणि पेला ठेवला जातो. तो वास घेतो, पण पीत नाही. ओढ वाढते, शिगेला पोहोचते आणि काही वेळाने ओसरू लागते. ती न पिताही ओसरते, हा अनुभव रुग्णाला उपदेशापेक्षा अधिक शिकवून जातो. त्याच वेळी आग्रह कसा नाकारावा, मन दुसरीकडे कसे वळवावे, परिणामांचे स्मरण कसे करावे, याचाही सराव होतो. दारू सुटताना होणारा कंप, झटके, भ्रम यांचा काळ संपल्यानंतरच हा उपचार करावयाचा असतो. घरी बाटली समोर ठेवून कोणाचीही परीक्षा पाहू नये.

यात औषधाचे स्थान कोणते? मद्य घेतल्यावर मेंदूत अफूसदृश नैसर्गिक द्रव्ये स्रवतात आणि सुखाची भावना निर्माण होते. नॅल्ट्रेक्सोन हे औषध त्या द्रव्यांचा मार्ग अडवते. १९९२ साली फिलाडेल्फिया येथील डॉ. जोसेफ व्होल्पिसेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० रुग्णांवरील १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाविना असलेली गोळी घेणाऱ्या गटात सुमारे ५४ टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळले, तर नॅल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांत २३ टक्के. १९९४ साली अमेरिकेत या औषधाला मद्यपाशासाठी मान्यता मिळाली. ते स्वतः व्यसन लावत नाही. मात्र अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांना ते देता येत नाही आणि यकृताची तपासणी आवश्यक असते.

औषध आणि सामना यांची सांगड घालणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील डॉ. पीटर माँटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. आधी संकेतांचा सामना व कौशल्यांचा सराव, मग १२ आठवडे औषध, असा क्रम होता. नियमित गोळी घेणाऱ्यांची ओढ आणि अतिरेकी पिण्याचे दिवस कमी झाले. परंतु गोळी थांबल्यावर तो लाभ टिकला नाही. सरावाचा लाभ मात्र पुढील महिन्यांतही दिसत राहिला. औषध ओढीचा जोर कमी करून शिकण्यासाठी उसंत मिळवून देते. त्या उसंतीत शिकलेले पुढे उपयोगी पडते.

शिकणेच बळकट करणाऱ्या औषधाचाही शोध घेतला गेला. क्षयरोगावर वापरले जाणारे सायक्लोसेरिन उंचीच्या भीतीवरील उपचारात साहाय्यक ठरल्याचे २००४ साली दिसले. मद्याच्या बाबतीत मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. एका छोट्या अभ्यासात तर ओढ वाढलेली आढळली. म्हणून या कामासाठी ते नेहमीच्या उपचारात दिले जात नाही.

कुटुंबीयांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जुनी सवय पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि ती जिथे शिकली त्या जागेशी बांधलेली राहते. रुग्णालयात शमलेली ओढ घराच्या ओसरीवर पुन्हा डोके वर काढू शकते. तो विश्वासघात नव्हे. नवी शिकवण घरीही रुजावी लागते. पगाराच्या दिवशी सोबत जाणे, बैठकीचे निमंत्रण टाळण्यास साथ देणे, गोळीची वेळ सांभाळणे आणि ठरलेल्या दिवशी फेरतपासणीस येणे, हे उपचाराचेच भाग आहेत.

काही कुटुंबे हताश होऊन रुग्णाच्या नकळत चहात किंवा भाजीत गोळी मिसळतात. डायसल्फिराम या औषधाबाबत हे जिवावर बेतू शकते. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी मद्यपाशावरील उपचारासाठी पुढे आणलेल्या या औषधावर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या होतात आणि रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. शिवाय नकळत घेतलेल्या गोळीने रुग्ण काहीच शिकत नाही. कळल्यावर घरच्यांवरचा विश्वास मात्र गमावतो. औषध रुग्णाच्या संमतीने आणि वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे.

दात्यांनी व विश्वस्तांनीही याच दृष्टीने या कार्याकडे पाहावे, अशी विनंती आहे. खाटा आणि गोळ्या यांचा खर्च हिशेबात सहज दिसतो. रुग्ण घरी गेल्यानंतरचा समुपदेशकाचा वेळ, गृहभेटी आणि चुकलेल्या तारखेनंतर केलेली विचारपूस तेवढी नजरेत भरत नाही. पण रुग्णालयात शिकलेले घरी टिकते की नाही, हे बहुतांशी तिथेच ठरते.