चिखलदरा : ओसरलेला हंगाम आणि पायथ्याची गावे

वऱ्हाडचे जुने विभाग तीन. उत्तरेस सातपुड्याच्या रांगांतील मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील बालाघाट. पैनगंगेकाठचे मेहकर या बालाघाटात येते. मेहकरहून मालेगाव, पातूर, अकोला, अकोट या मार्गाने परतवाडा गाठून घाट चढू लागले, की वऱ्हाडचे हे तिन्ही भाग एका दिवसात ओलांडून होतात. घाटमाथ्यावर सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातील एकमेव प्रमुख थंड हवेचे ठिकाण होय. त्याचा उदय, ओहोटी आणि पुनरुज्जीवनाचे प्रयत्न यांचा इतिहास मेहकर व लोणार परिसरातील ग्रामपंचायतींनीही अभ्यासावा असा आहे.

हुकमाने वसलेला हंगाम

चिखलदऱ्यानजीकचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी ऑर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस हे पठार आले, असे सांगितले जाते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर पायनघाटाच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनी येथे बंगले बांधले. कॉफीची लागवडही याच काळात रुजली. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण आजही हेच आहे.

या वस्तीचा आधार व्यापार नव्हता, शेतीही नव्हती. साहेब येत म्हणून खानसामे, हमाल, दूधवाले, गवत व लाकूड आणणारे येत. साहेबांचे येणे मात्र सरकारी सोयीवर अवलंबून होते. १ ऑक्टोबर १९०३ रोजी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. मध्य प्रांताचे उन्हाळी ठाणे होते पचमढी. चिखलदरा ओसाड पडले नाही, परंतु वऱ्हाडची उन्हाळी राजधानी होण्याचे त्याचे दिवस तेथेच संपले. ज्या अर्थव्यवस्थेची नाडी दुसऱ्या गावच्या कचेरीत असते, तिची ही गत होणे स्वाभाविकच होते.

पायथ्याचे दळणवळणही टिकले नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंदमापी रेल्वे, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कापूस आणि प्रवासी वाहत होती. अलीकडच्या काळात तिच्याही गाड्या थांबल्या. तिच्यापूर्वीच मोटारीने परिस्थिती पालटविली होती. बैलगाडीने आलेला पाहुणा महिनाभर राही. मोटारीने आलेला पाहुणा सकाळी चढतो, देवी पॉइंट, भीमकुंड व गाविलगड पाहतो आणि दिवेलागणीस उतरतो. गर्दी वाढली, मुक्काम घटला.

पाहुण्यांचा हंगाम, मजुरांचा हंगाम

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. इंग्रजी अमदानीतील हंगाम उन्हाळ्याचा होता. आजची मोठी गर्दी पावसाळ्यातील शनिवार-रविवारची असते. धबधबे आणि धुके पाहण्यास अमरावती, अकोल्याकडील लोक लोटतात. नेमक्या याच दिवसांत मेळघाटातील कोरकू शेतकरी आपल्या शेतात राबत असतो. त्याला मजुरीची गरज भासते ती पीक निघाल्यावर. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मैदानी जिल्ह्यांत कामाला उतरतात आणि त्यांच्याबरोबर लहान मुलेही जातात. अंगणवाडीचा आहार सुटतो, वजनाची नोंद सुटते, शाळा सुटते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता देशभर गेली. त्यानंतर झालेल्या चर्चेत आरोग्य केंद्रे व आहार यांचा विचार पुष्कळ झाला आणि तो आवश्यकच होता. पण मूल गावातच नसेल तर आहार पोहोचणार कोणाला?

म्हणून पर्यटनातून किती रोजगार निर्माण झाला एवढे विचारणे पुरेसे नाही. तो कोणत्या महिन्यात निर्माण झाला, हेही विचारावे लागते. पावसाळ्यात आणखी पन्नास जणांना उपाहारगृहात काम मिळाले तरी डिसेंबरातले स्थलांतर थांबत नाही.

या कसोटीवर मोथा या गावातील स्ट्रॉबेरीचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. पावसाळा सरताना रोपे लावली जातात व हिवाळ्यात फळ हाती येते. हे फळ अत्यंत नाशवंत. त्यामुळे ते खुडण्यास, निवडण्यास व डब्यांत भरण्यास माणसे लागतात आणि ती नेमकी त्या महिन्यांत लागतात, ज्या महिन्यांत गाव रिकामे होत असे. रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसलेल्या बाईचा ग्राहक हा पर्यटकच असतो; तथापि तिचे उत्पन्न कोणा हॉटेलच्या मर्जीवर नाही. चिखलदऱ्याच्या गवळ्यांचा खवा हाही असाच जुना धंदा आहे. क्षेत्र लहान आहे आणि सगळ्या मेळघाटाचा प्रश्न स्ट्रॉबेरीने सुटेल असे कोणी म्हणणार नाही, पण दिशा योग्य आहे.

आराखडा, काच आणि पाणी

या शतकाच्या पहिल्या दशकात चिखलदरा व लगतच्या शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा या गावांसाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. रस्ते, उद्याने, साठवण तलाव अशी कामे हाती आली. सर्वाधिक गवगवा झाला तो दरीवरील ४०७ मीटर लांबीच्या काचेच्या आकाशमार्गाचा. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असल्याने वन्यजीवविषयक परवानग्यांअभावी हे काम काही वर्षे रखडले. असा मार्ग गर्दी खेचतो यात शंका नाही. परंतु तो पाहुण्याला मुक्कामास थांबवील काय, आणि थांबविले तर त्याला पाणी कोठून मिळेल, हे प्रश्न काचेपेक्षा कठीण आहेत.

चिखलदऱ्यास पाऊस भरपूर, तरी उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. कारण खडकात आहे. सातपुड्याच्या या भागात बेसाल्टचे थर असून पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या पातळ थरापुरते. उताराने बहुतेक पाऊस धावत खाली जातो, झरे उन्हाळ्याच्या तोंडाशी आटतात आणि शक्कर तलाव, कालापाणी यांसारख्या साठ्यांवर भिस्त राहते. आता साधे गणित मांडून पाहावे. नगररचनेच्या प्रचलित मानकाप्रमाणे हॉटेलातील एका खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी धरले जाते. १०० खाटांच्या हॉटेलास १८,००० लिटर लागतात. ग्रामीण नळयोजनांचे मानक दरडोई ५५ लिटर आहे. म्हणजे ते एक हॉटेल ३२७ गावकऱ्यांचे पाणी वापरते. हॉटेल नको असा याचा अर्थ नाही. परवानगीच्या अर्जासोबत पाण्याच्या उगमाचा दाखला मागितला पाहिजे, एवढाच अर्थ आहे. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना जमीन व साधनसंपत्तीबाबत विचारणा होण्याचा हक्क आहे. तो वापरला गेला तरच खरा.

हक्क वापरल्याने काय घडते हे पायथ्याकडील पायविहीर या गावाने दाखविले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावास २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी झाडे राखली, चराई व तोडीवर स्वतःच निर्बंध घातले आणि जंगलातील सीताफळे व्यापाऱ्याला ढिगाने न विकता प्रतवारी करून शहरांत पाठविली. गावाला २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. पायविहीर हे काही पर्यटनस्थळ नव्हे, आणि डोंगरमाथ्यावरची गर्दी घटली तरी तेथील सीताफळ पिकायचे थांबत नाही. माथ्यावरच्या प्रत्येक आराखड्यात पायथ्याच्या अशा गावांसाठी जागा असावयास हवी.

मेहकरच्या दृष्टीने

लोणार हे पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडत असे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये निर्माण झालेले तेथील सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. मेहकरात शारंगधर बालाजीचे मंदिर आहे, कंचनीचा महाल पडक्या अवस्थेत का होईना उभा आहे. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा मार्ग २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि मेहकरजवळून त्यावर चढता-उतरता येते. या सोयीचे स्वागत करताना चिखलदऱ्याची मोटार आठवावी. रस्ता जितका जलद, तितका पाहुणा लवकर परततो. सरोवर पाहून दोन तासांत निघून जाणारा प्रवासी गावात चहाचे पैसे आणि रिकाम्या बाटल्या ठेवून जातो.

लोणारच्या बाजूने एक अनुकूल गोष्ट आहे. तेथे येण्याचा, पक्षी पाहण्याचा उत्तम काळ हिवाळ्याचा, म्हणजे सोयाबीन निघून कोरडवाहू शिवारात हाताला काम उरत नाही तेव्हाचा. चिखलदऱ्यास जो मेळ बसविण्यासाठी नवे पीक आणावे लागले, तो येथे निसर्गतःच बसलेला आहे. २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकऱ्याला वैयक्तिकरीत्या, तसेच कृषी सहकारी संस्थांना आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदविता येते. शेतघरातील दोन खोल्या, ज्वारीची भाकरी, रात्री मुक्काम आणि पहाटे सरोवराच्या काठावर वाट दाखविणारा गावातलाच तरुण, एवढ्यानेही प्रवासी एक रात्र थांबू शकतो. अशा तरुणांना खडकाची, पक्ष्यांची व दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांची माहिती देण्याचे काम परिसरातील माध्यमिक शिक्षक एका सुटीत करू शकतील.

पाण्याचा हिशेब मात्र येथेही आधी. बालाघाटचा खडक मेळघाटाच्याच जातीचा. गावातील प्रत्येक सार्वजनिक विहिरीची पातळी ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल या तीन महिन्यांत मोजून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिली, तर किमान तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवून नव्या विश्रामगृहाच्या अर्जावर निर्णय घेता येईल. त्यासाठी लागते एक दोरी, एक मोजपट्टी आणि वर्षातले तीन दिवस.