पांदण, चाकोरी आणि जीपची उंची

बी. ए. भाग २

‘चाकोरी’ हा शब्द आपण निबंधात आणि भाषणात फार वापरतो. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचे विचार वगैरे. परंतु हा शब्द मुळात चाकाचा आहे. बंडीच्या चाकांनी मातीत पाडलेले दोन खोल चर म्हणजे चाकोरी. आपल्या नरखेड तालुक्यातील काळ्या जमिनीत ती प्रत्येक पांदणीवर पाहावयास मिळते. संत्र्याच्या बागेकडे निघालेली जीप अडते ती बहुधा तिच्यातच; आणि मग गाडी ‘उंच करून घेण्याची’ गोष्ट निघते. उंच केलेली, रुंद टायरांची जीप दिसायलाही ऐटदार असते. या उंचीने नेमके काय साधते आणि तिची किंमत काय पडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विषय यंत्राचा असला तरी त्याचे निम्मे उत्तर भूगोलात आहे, म्हणून कला शाखेच्या अंकात त्याला जागा मागत आहे.

कोठली उंची?

चाकोरी खोल झाली की दोन चरांच्या मध्ये मातीचा उंचवटा उरतो. चाके चरात उतरतात आणि गाडीचे पोट या उंचवट्यावर टेकते. चाके नुसती फिरतात, गाडी हलत नाही. म्हणून खरी उंची मोजायची ती बॉनेटची किंवा पायरीची नव्हे, तर गाडीच्या सर्वांत खालच्या भागापासून जमिनीपर्यंतची. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये हा भाग म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसावरील डिफरन्शियलचा फुगीर गोळा.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची ही उंची पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने याच जीपचा वंश आपल्याकडे रुजवला. त्याच कंपनीच्या २०२० सालच्या थार गाडीची उंची २२६ मिलिमीटर आहे. ऐंशी वर्षांत इंजिन, ब्रेक, आसने सारे बदलले; उंची मात्र जवळजवळ तिथेच राहिली. रचनाकारांना गाडी उंच करता येत नव्हती असे नाही. उंचीची किंमत त्यांना ठाऊक होती.

पाटे की चाके?

गाडी उंच करण्याचे दोन मार्ग सर्रास वापरले जातात. पहिला पाट्यांचा. विलीज जीपमध्ये पाटे आसाच्या खाली बांधलेले असत. ते आसाच्या वर बांधले किंवा जास्त कमानीचे पाटे बसवले की चॅसी काही इंच वर जाते. परंतु आस चाकाच्या मध्यालाच राहतो. डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच, मधल्या उंचवट्याला भिडलेला! पाट्यांनी चॅसी व तिच्याखालचे भाग सुटतात, धुरा ओलांडताना पुढचे-मागचे बंपर कमी घासतात, मोठ्या टायरला जागा मिळते. पण आस उचलला जात नाही.

आस उचलते ते केवळ चाक, आणि तेही निम्म्याने. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३२ इंच केला तर आस २ इंच वर जातो, ४ नव्हे. आपल्या बंडीचे गणित हेच आहे. साडेचार फुटांच्या चाकाचा आस सव्वादोन फुटांवर असतो, म्हणून ती उंचवट्यावरून निर्धास्त जाते. सुताराने भूमितीचे पुस्तक पाहिले नसेल, पण त्रिज्येचे महत्त्व त्याला ठाऊक होते.

तिसरा मार्गही आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शेतीकामासाठी युनिमॉग हे वाहन तयार झाले. त्यात चाकाच्या तुंब्याशी दातेरी चक्रे बसवून आसच चाकाच्या मध्यापेक्षा वर नेला होता. त्याच्या दोन चाकांतील अंतर बटाट्याच्या दोन ओळींना जुळेल असे ठेवले होते. शेत पाहून यंत्र घडवणे ते हे. मात्र अशी रचना जड व महाग असते. ती गावच्या गॅरेजातली गोष्ट नव्हे.

उंचीची किंमत

समजा, गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांतील अंतर ४८ इंच आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. अशी गाडी उभी असताना आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत तोल सांभाळील. तीच ६ इंचांनी उंच केली तर गुरुत्वमध्य ३० इंचांवर जातो आणि ही मर्यादा सुमारे ३९ अंशांवर येते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एका बाजूचे पाटे व टायर दबतात, मागे माणसे उभी असतात, वळणावर वेग असतो. म्हणून गाडी त्याच्या पुष्कळ आधी उलटते. नाल्याच्या तिरप्या काठावर ६ अंश ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

मोठ्या चाकाचाही हिशेब आहे. २८ चे ३२ इंच झाले की इंजिन तेच असताना चाकाची ओढ सातअष्टमांश उरते. म्हणजे चिखलात जिची गरज, तीच शक्ती घटते. वेगाचा काटा ताशी ४० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ४६ ने धावत असते. ब्रेकला अधिक जोर लागतो. चॅसी वर गेल्यामुळे इंजिनाकडून आसाकडे जाणारा दांडा अधिक तिरपा होतो, त्याचे क्रॉस लवकर झिजतात. स्टिअरिंगचे दांडे तिरपे होऊन खड्ड्यात गाडी स्वतःहून वळू पाहते. ब्रेकच्या रबरी नळ्या अपुऱ्या पडून ताणल्या जातात. जास्तीचे पाटे घालून गाडी कडक केली असेल तर हिसक्यांनी संत्रा दबतो. आणि दबलेल्या फळाला बाजारात भाव नसतो.

काळी माती काय म्हणते?

आता भूगोलाकडे वळू. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात; म्हणून उन्हाळ्यात भेगा व पावसाळ्यात चिखल. हा चिखल टायरच्या नक्षीत भरून बसला की नवा टायरही गुळगुळीत होतो. अशा वेळी गाडी पोटाने नव्हे, तर पकड सुटल्याने अडते, आणि उंचीचा काही उपयोग होत नाही.

येथे उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. नक्षीत रुंद फटी असलेला टायर फिरताना चिखल झटकतो. टायरची हवा कमी केली की त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. एका चाकावर ४०० किलो, म्हणजे सुमारे ८८० पौंड भार असेल, तर ३० पौंड हवेवर अंदाजे २९ चौरस इंच भाग टेकतो, १८ पौंडांवर ४९ चौरस इंच. भार पसरला की चाक कमी रुतते. मात्र डांबरी सडकेवर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, नाही तर टायर तापून फुटण्याचा धोका असतो. चारही चाकांना ओढ देणारी गाडी असेल तर चिखलात शिरण्यापूर्वीच तो गिअर टाकावा, रुतल्यानंतर नव्हे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले की फिरणे सारे त्याच्याकडे जाते आणि दुसरे चाक स्वस्थ बसते. म्हणून घसरत्या चाकाला आवर घालणारे डिफरन्शियल हे ६ इंच उंचीपेक्षा अधिक कामाचे.

कायदा आणि पांदण

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापाचा टायर, योग्य नक्षी, हवेचा अंदाज आणि पोटाखाली लोखंडी पत्र्याचे कवच, एवढ्यावर शेतकऱ्याचे बहुतेक काम भागते.

शेवटी एक विचार मांडावासा वाटतो. गाडीचे पोट आणि चाकोरीतला उंचवटा यांतले अंतर दोन प्रकारे वाढते: गाडी वर नेऊन, किंवा उंचवटा खाली आणून. पहिला उपाय एका घराचा, दुसरा गावाचा. पांदणीच्या दोन्ही बाजूंना नाली काढली, मुरूम दाबला आणि धुरा सरकवून केलेले अतिक्रमण हटवले, तर पाणी चाकोरीत थांबत नाही. राज्य शासनाने २०२१ साली शेत-पांदण रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती याचसाठी. उंच जीप फक्त तिच्या मालकाला पार नेते. सुधारलेल्या पांदणीवरून बंडी जाते, बाळंतिणीला नेणारी गाडी जाते आणि पायी येणारी शाळेची पोरेही जातात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जीप आहे त्यांनी टायर जरूर नीट निवडावेत. परंतु ग्रामसभेत पांदणीचा प्रश्न निघेल तेव्हा तेथे उठून बोलणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.